अप्पांचं मशीन

"मशीन्याग ऐति, नोडव्वा," असं अव्वा म्हणाली आणि कूस बदलून पडून राहिली.

गोष्ट २०२४च्या दिवाळीतली. माझ्या लेकीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मुलगा हुबळीचा, घर कन्नड. बीगर मंडळी येऊन बोलणी करून गेली आणि आमच्याकडे कोणती रीत कधी, कोणाच्या हातून, कोणत्या सामानानं, याची चर्चा सुरू झाली. दोन भाषांच्या घरांत ही चर्चा किती लांबते ते तुम्हाला मी सांगायला नको. अप्पा मराठी, बेळगावचे. अव्वा कन्नड, धारवाडची. १९६६ साली लग्न होऊन ती इथं आली, तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्यात अर्ध्या रीती इकडच्या नि अर्ध्या तिकडच्या. त्यांचा सगळा ताळमेळ अव्वाच्या डोक्यात असे. आता अव्वा ८१ वर्षांची. सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही. रीती आठवतात, पण क्रम सुटतो. देवक हळदीच्या आधी की नंतर, असं विचारलं की एकदा असं सांगते, एकदा तसं सांगते, आणि मग आपलंच कुठंतरी चुकतंय हे उमजून गप्प होते. तिचं ते गप्प होणं मला बघवत नाही.

मशीन म्हणजे अप्पांच्या छापखान्यातला संगणक. अप्पांचा शहापुरात छोटा छापखाना होता. आधी ट्रेडल आणि खिळे, मग १९९७ साली त्यांनी संगणक घेतला आणि पन्नाशी उलटल्यावर पेजमेकर शिकले. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. १९९८ला माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी पत्रिकेबरोबर आणखी एक गोष्ट तयार केली: कार्याची यादी. डाव्या रकान्यात मराठी, उजव्या रकान्यात कन्नड. मांडवासमोर हंदर, हळदीसमोर अरिशिण, ओटीसमोर उडी, अक्षतांसमोर अक्किकाळु. खाली सामान, कोणाला काय द्यायचं ते, आणि क्रम. पुढे दादाचं लग्न झालं, चुलत भावंडांची झाली, तशी ती यादी वाढत गेली. प्रत्येक कार्यानंतर अप्पा बसून दुरुस्त्या करत. छापलेल्या प्रती ट्रंकेत होत्या, त्या २०१९च्या ऑगस्टमधल्या पुराच्या पाण्यात भिजून लगदा झाल्या. अप्पा तर २०११लाच गेले. उरलं ते मशीन.

पण मशीन तरी कुठं उरलं होतं? २००९ साली अप्पांनी छापखाना विकला, तेव्हा संगणकही त्याच्याबरोबर गेला. मी पॉलिटेक्निकमध्ये संगणकाच्या प्रयोगशाळेत शिकवते. त्या दिवसांत मला एक नवी विद्या कळली होती आणि ती कुठंतरी वापरून बघायची खुमखुमी होती. मशीन देण्याच्या आदल्या रात्री मी अप्पांना म्हटलं, "फायली वेगळ्या काढत बसू नका. मी अख्खं मशीनच उतरवून घेते."

हे उतरवून घेणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. संगणकाची डिस्क म्हणजे शेवटी आकड्यांची लांबलचक रांग. ती रांग जशीच्या तशी एका मोठ्या फाइलमध्ये भरली, आणि दुसऱ्या संगणकावर असा एक प्रोग्रॅम बसवला जो त्या फाइलसमोर खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड, खोटा पडदा मांडून बसतो, की आतल्या विंडोजला वाटतं आपण खऱ्याच यंत्रावर आहोत. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि त्या फाइलला इमेज. घरच्या संगणकांवर ही गोष्ट रुळवली व्हीएमवेअर या कंपनीनं, १९९९पासून. चालू संगणकाची अशी इमेज करणारा त्यांचा कन्व्हर्टर २००९मध्ये फुकट मिळायचा. तो मी अप्पांच्या एक्सपीवर रात्रभर चालवला. ४० जीबीची डिस्क, २-२ जीबीचे तुकडे पाडून, १९ फायली झाल्या. घरच्या संगणकावर एकदा चालू करून बघितलं, चाललं, अप्पा "वा!" म्हणाले, आणि मी ते सगळं एका यूएसबी डिस्कवर टाकून कपाटात ठेवून दिलं. तिथून पुढची पंधरा वर्षं ते मी उघडलं नाही. आज उघडू, उद्या उघडू. तुमच्याही घरात असं काहीतरी असेलच.

दिवाळीला लेक बंगळूरहून आली होती. तिनं ती डिस्क मागितली. मूळ डिस्क केव्हाच बंद पडली होती, पण २०१५ साली दादानं सगळं नव्या डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. लेकीनं आपला ॲपलचा लॅपटॉप उघडला आणि अर्ध्या तासात हात टेकले. "आई, माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे," म्हणाली.

ते खरं होतं. २०२०च्या नोव्हेंबरपासून ॲपलनं आपल्या लॅपटॉपमध्ये स्वतःचा प्रोसेसर घालायला सुरुवात केली. अप्पांच्या मशीनची बोली इंटेलची. जिथं यजमान आणि पाहुणा एकच बोली बोलतात, तिथं पाहुण्याचं बोलणं थेट प्रोसेसरपर्यंत जातं आणि काम जवळजवळ मूळ वेगानं चालतं. बोली वेगळी असली की मध्ये दुभाषी बसवावा लागतो, तो प्रत्येक आज्ञा उलटून सांगतो. याला एम्युलेशन म्हणतात. होतं, पण रखडत होतं. आमच्या घरात मोठी काकू आणि धारवाडची आजी यांच्यामध्ये लहानपणी मीच दुभाषी असायची, त्यामुळे त्या प्रोग्रॅमबद्दल मला सहानुभूती आहे. पण लेकीची अडचण त्याच्याही आधीची निघाली. एकोणीसच्या एकोणीस तुकडे जागेवर होते, आणि तरी कुठलाही प्रोग्रॅम म्हणत होता की ही डिस्कच नाही.

ती परत गेली. लग्न मे महिन्यात. जानेवारी २०२५मध्ये मी एकटीच त्या फायलींसमोर बसले.

शोधता शोधता कळलं की तुकडे केलेल्या व्हीएमवेअरच्या डिस्कला एकोणीस नव्हे, वीस फायली असतात. विसावी फाइल अगदी चिमुकली, जेमतेम एक केबी. ती नुसती मजकुराची असते. पहिला तुकडा कुठला, दुसरा कुठला, प्रत्येक केवढा, डिस्क कुठल्या प्रकारची, एवढंच त्यात लिहिलेलं. म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका म्हणा. दादानं २०१५मध्ये जागा वाचवताना ती काढून टाकली होती. त्याला फोन केला तर म्हणाला, "एक केबीत काय असणार गं? मला वाटलं कचरा." मी काही बोलले नाही. पंधरा वर्षं कपाटाला हात न लावणाऱ्या माणसानं काय बोलावं?

पण ही फाइल हातानं परत लिहिता येते. व्हीएमडीके प्रकारच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला 'के डी एम व्ही' ही चार अक्षरं असतात आणि त्यापुढे काही आकडे सोडून तो तुकडा किती सेक्टरांचा आहे ते नोंदलेलं असतं. एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. मी एकेक तुकडा उघडून आकडा वाचत गेले. पहिल्या अठराही तुकड्यांचा आकडा एकच: ४१९२२५६. गुणाकार करून बघा, २ जीबीच्या थोडं अलीकडे येतं. शेवटचा तुकडा लहान. एकोणीस ओळी लिहिल्या, वर डिस्कचा प्रकार लिहिला, फाइल जतन केली. प्रोग्रॅमनं ती वाचलीच नाही.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी चूक दिसली आणि मी एकटीच हसले. मी ती फाइल पत्रं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केली होती आणि त्यानं माझी सरळ अवतरणचिन्हं आपणहून कुरळी करून टाकली होती. यंत्राला सरळच लागतात. अप्पा असते तर लांबूनच ओळखलं असतं. पत्रिकेत सरळ अवतरणचिन्ह राहिलं तर ते पानच परत करायचे, "हे टाइपरायटरचं आहे, छापखान्याचं नव्हे" म्हणून. इथं नेमकं उलटं हवं होतं. साध्या नोटपॅडमध्ये चिन्हं बदलली आणि डिस्क एकसंध दिसू लागली.

आता ती चालवायची कशात, हा प्रश्न. या क्षेत्रात प्रत्येकानं आपापली पेटी काढली आहे. व्हीएमवेअरची व्हीएमडीके. मायक्रोसॉफ्टनं २००३ साली कनेक्टिक्स कंपनीचा व्हर्च्युअल पीसी विकत घेतला, त्यांची व्हीएचडी, पुढे २०१२पासून व्हीएचडीएक्स. जर्मनीतल्या इनोटेक कंपनीचा व्हर्च्युअलबॉक्स २००७मध्ये खुला झाला, मग सन आणि २०१०मध्ये ओरॅकलकडे गेला, त्याची व्हीडीआय. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसानं २००३ साली क्यूएमू लिहिलं, त्याची क्यूकाऊ. सगळ्यांनी एकाच गाठोड्यात सामान द्यावं म्हणून ओव्हीएफ नावाचं मानकही ठरलं, पण पेट्या काही गेल्या नाहीत. मालकही बदलत राहिले. व्हीएमवेअर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं घेतलं. मला यात एकच बरं वाटतं: व्हीएमडीकेची रचना उघड असल्यामुळे इतरांनाही ती वाचता येते, आणि एका पेटीतून दुसऱ्या पेटीत सामान हलवायला क्यूएमूबरोबर येणारी एक छोटी आज्ञा पुरते. आतल्या आकड्यांच्या रांगेतला एकही आकडा बदलत नाही. फक्त पेटी बदलते.

म्हणून मला वाटलं की अवघड भाग संपला.

प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स होतं. शनिवारी दुपारी मुलं गेल्यावर मी अप्पांच्या डिस्कची आधी एक प्रत काढली, मूळ तुकडे बाजूला ठेवले, प्रतीची एकच व्हीडीआय फाइल केली आणि मशीन चालू केलं. एक्सपीचं काळं पान आलं, खाली पट्टी सरकली, आणि सगळा पडदा निळा. पांढऱ्या अक्षरांत ७बी नावाची चूक. आपण ज्या डिस्कवरून उठलो तीच आपल्याला सापडत नाही, असं विंडोजचं म्हणणं.

ही चूक ज्यानं ज्यानं अशी इमेज इकडून तिकडे नेली आहे त्याच्या ओळखीची असेल. डिस्कमध्ये काही बिघडलेलं नसतं. प्रत्येक प्लॅटफॉर्म पाहुण्यासमोर जी खोटी डिस्क मांडतो, ती एका खोट्या कंट्रोलरला जोडलेली असते, आणि हे कंट्रोलर सगळ्यांचे सारखे नसतात. २००९मध्ये कन्व्हर्टरनं अप्पांच्या एक्सपीला शिकवून ठेवलं होतं की तुझी डिस्क एलएसआय लॉजिक नावाच्या स्कझी कार्डावर आहे. व्हर्च्युअलबॉक्सनं ती आपल्या सवयीनं आयडीई कंट्रोलरवर मांडली. एक्सपी उठलं, डोळे चोळत ओळखीच्या कोपऱ्यात गेलं, तिथं काहीच नाही. तिथंच ते कोसळलं.

अव्वा एक गोष्ट नेहमी सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ती अंधारात उठली आणि पाणी घ्यायला स्वयंपाकघराच्या डाव्या कोपऱ्यात गेली, कारण धारवाडला हंडे तिथं असत. इथं डावीकडे जातं होतं. त्याला ठेचकाळून ती पडली आणि घर जागं झालं. मराठी तिला येत नव्हतं, त्यामुळे काय शोधत होते हेही सांगता येईना. आमच्या आजीनं तिला हाताला धरून उजवीकडे नेलं नाही. तिनं एक हंडा भरून डावीकडे, जात्याशेजारी ठेवला. महिनाभर दोन्हीकडे पाणी होतं. मग एक दिवस डावीकडचा हंडा आजीनं उचलला, तोवर अव्वाचे पाय आपोआप उजवीकडे वळायला लागले होते.

निळ्या पडद्यासमोर मला हंडाच आठवला असं मी म्हणणार नाही. मला आठवली प्रयोगशाळेतली जुनी युक्ती. पण घरी येऊन अव्वाला सांगताना दोन्ही एकच आहे असं लक्षात आलं.

तर काय केलं: व्हर्च्युअलबॉक्समध्येही एलएसआय लॉजिकचं कार्ड मांडता येतं. तुकड्यांबरोबरची व्हीएमएक्स नावाची फाइल सुदैवानं दादाच्या हातून वाचली होती, त्यात जुन्या मशीनची सगळी मांडणी लिहिलेली असते. ती वाचून कार्ड तसंच लावलं. आणि एक्सपी उठलं.

मी खुर्चीत नुसती बसून राहिले. पडदा ओबडधोबड, मोठ्या ठोकळ्यांचा, कारण पडद्याचं कार्डही नवंच. "नवीन हार्डवेअर सापडलं" अशा चौकटी एकावर एक उघडत होत्या. त्यांच्या मागे अप्पांचे फोल्डर दिसत होते, हिशेब, पत्रिका, आणि सगळ्यात खाली कार्य. अप्पा फोल्डर कधीही सरळ रांगेत ठेवत नसत. जिथं सोडले होते तिथं होते. एवढ्यात एक्सपीनं सांगितलं की यंत्र फारच बदललेलं दिसतंय, तीन दिवसांत परवान्याची खात्री करा, नाहीतर आत येऊ देणार नाही. ते आपल्या जागी बरोबर होतं.

यादी तिथंच उघडता आली असती. पण मला ती अव्वासमोर उघडायची होती, आणि अव्वाला प्रयोगशाळेचे तीन जिने चढता येत नाहीत. माझ्या घरच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. लिनक्समध्ये २००७पासून केव्हीएम ही सोय गाभ्यातच आहे, आणि तिच्यासाठी क्यूएमू खोटी यंत्रं मांडतो. त्याच्याकडे व्हीएमवेअरच्या धाटणीचं ते जुनं एलएसआय कार्ड नाही. आयडीई आहे. म्हणजे घरी नेण्याआधी एक्सपीला आयडीईची सवय लावणं भाग होतं.

इथं ती जुनी युक्ती. मुख्य डिस्क स्कझीवर तशीच ठेवायची, आणि आयडीईवर दुसरी, रिकामी, छोटी डिस्क लावून मशीन चालू करायचं. एक्सपीचा जीव पहिल्या डिस्कवर सुरक्षित असतो, त्यामुळे ते शांतपणे नव्या कंट्रोलरकडे बघतं, त्याचा ड्रायव्हर आपल्याच साठ्यातून काढून बसवतं आणि नोंद करून ठेवतं. मग बंद करायचं, आणि पुढच्या वेळी मुख्य डिस्कच आयडीईवर न्यायची. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयडीईची चिपही निवडता येते. क्यूएमू जी मांडतो तीच, पीआयआयएक्स३, मी निवडली, म्हणजे घरी गेल्यावर पुन्हा अनोळखी काही नको. पाच वाजता मुख्य डिस्क हलवली. निळा पडदा आला नाही.

व्हीडीआय फाइल क्यूकाऊ-२ मध्ये बदलायला चहा पिऊन होईतोच वेळ लागला. ११ जीबीची एक फाइल. कोणी विचारलं तर बदलायला किती वेळ लागतो, तर एवढाच. बाकी सगळा वेळ हंड्याचा.

घरी एकदा चुकले, तेही सांगते. केव्हीएममध्ये मशीनचा बोर्ड निवडताना नवा, क्यू-३५, आपोआप निवडला गेला. त्यावर डिस्क साटा पद्धतीची येते, ती एक्सपीला माहीतच नाही. पुन्हा निळं पान. १९९६च्या चिपवरून केलेला आय-४४०-एफएक्स हा जुना बोर्ड निवडला आणि ते मुकाट्यानं चाललं. नेटवर्कचं कार्ड मात्र मी काढूनच टाकलं. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ला बंद झाल्या, त्याला आजच्या इंटरनेटवर सोडणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला एकट्याला बसस्टँडवर सोडण्यासारखं.

रविवारी सकाळी अव्वाला उशी लावून बसवलं आणि पेजमेकर उघडलं. सातवी आवृत्ती, २००१ची, त्यानंतर पेजमेकर निघालंच नाही. कार्याची फाइल उघडली. दोन रकाने, मध्ये बारीक रेघ. अप्पांना रेघांचा फार नाद. मराठी मजकूर एका फॉन्टात, कन्नड दुसऱ्या.

मी विचार केला, मजकूर उचलून आजच्या युनिकोडमध्ये घेऊ, म्हणजे फोनवर लेकीला पाठवता येईल. उचलला तर नुसती चिन्हांची भेळ. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवत, काना एका कळीवर, अर्धा म दुसऱ्या कळीवर. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट काढला की काहीच उरत नाही. म्हणूनच नुसत्या फायली वाचवून भागलं नसतं. फॉन्ट, पेजमेकर, त्याला चालवणारं एक्सपी आणि एक्सपीला ओळखीचं वाटणारं घर, सगळं एकत्र असलं तरच तिथं 'हळद' आणि 'अरिशिण' वाचता येतं. २००९मध्ये अख्खं मशीन उतरवायची मला बुद्धी झाली ती खुमखुमीपोटी, शहाणपणानं नव्हे, पण झाली ते बरं झालं.

वाचता येत होतं, लिहिता मात्र येत नव्हतं. टाइप करायच्या सॉफ्टवेअरला एक कुलूप असे, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचं, आगपेटीएवढं. ते छापखान्याबरोबर गेलं. आता कळ दाबली की इंग्रजीच उमटे.

अव्वा चष्मा लावून वाचत होती. डावा रकाना सोडून उजवा. क्रम वाचताना ती मान हलवत होती आणि मधूनमधून पुढची ओळ पडद्यावर येण्याआधीच म्हणत होती. देवक आधी, हळद नंतर. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी तेच तर सांगत होते. मी हो म्हटलं.

मग सुरगीची ओळ आली. सुरगी म्हणजे तांबे मांडून त्यांच्याभोवती सूत गुंडाळून आत वधूवरांना बसवतात ती रीत, तुमच्यापैकी पुष्कळांनी बघितली असेल. डाव्या रकान्यात अप्पांनी तिला मराठी शब्द दिलेला नव्हता. जागा मोकळी होती आणि कंसात लिहिलं होतं, 'हिला विचारणे'. खाली सामानात चार तांबे.

"चार?" अव्वा म्हणाली. "चार कोपऱ्यांना चार, आन् मध्ये एक कोण ठेवणार? आमच्याकडं पाच. किती येळा सांगितलं होतं यांना."

"अव्वा, यात आता बदलता येत नाही," मी म्हटलं. "टाइपच होत नाही."

"मग छाप की."

पेजमेकरबरोबर आलेला डिस्टिलर आत होताच. त्यातून फॉन्टसकट पीडीएफ केली. ती बाहेर काढायला नेटवर्क नव्हतं, पण एक्सपीला सवय लावायला घेतलेली ती छोटी रिकामी डिस्क होती. तिच्यावर पीडीएफ ठेवली, मशीन बंद केलं, आणि ती डिस्क लिनक्समध्ये उघडून फाइल घेतली. अकरा पानं. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली.

अव्वानं लाल पेन मागितलं. मला वाटलं, चारच्या जागी पाच करून देईल. अप्पांच्या शेजारी बसून तीस वर्षं प्रुफं धरलेली बाई ती. तिनं 'चार'वर एकच आडवी रेघ मारली, समासात काढून टाकण्याची ती वळणदार खूण केली, अप्पा करायचे तशीच, आणि तिच्या शेजारी कन्नडमध्ये पाच लिहिलं. मग पान माझ्याकडे सरकवून म्हणाली, "डावीकडं पण लाव. मराठीत काय लिहिणार ते तूच बघ."